मुशीचा गर्भ : एका शोधाची हकीकत

भूम तालुक्यातील ईट हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसले असून, सरळ रेषेत मोजले तरी अरबी समुद्र तेथून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर पडतो. एवढेच नव्हे, तर त्या शिवारात पडलेला पाऊस मांजरेला मिळो की सीनेला, तो गोदावरीच्या अथवा भीमा-कृष्णेच्या वाटेने अखेरीस बंगालच्या उपसागरालाच जाऊन मिळतो, म्हणजे पश्चिम समुद्राकडे या मुलखातून पाण्याचा थेंबही जात नाही. दूध आटवून खवा करणाऱ्या आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचा रास्त अभिमान बाळगणाऱ्या या भागाला समुद्राच्या जीवसृष्टीची ओळख झाली ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट आठवडी बाजाराची. कोकणपट्टीवर उन्हात कडकडीत झालेली सुकट आणि सुके बोंबील घाट चढून, पोत्यांतून, दख्खनच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ले गेले. दुसरी वाट त्या मानाने अगदी अलीकडची आणि सरकारी. भूम ज्यात येते तो उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असल्यामुळे उच्च शिक्षणाची इच्छा धरणाऱ्या विद्यार्थ्याला हैदराबादेस जाऊन उस्मानिया विद्यापीठात शास्त्रविषयसुद्धा उर्दूतून शिकावे लागत. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालये निघाली, त्यांना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळा आल्या, आणि ज्याने उभ्या आयुष्यात भरती-ओहोटी पाहिली नव्हती असा शेतकऱ्याचा मुलगा फॉर्मॅलिनच्या उग्र दर्पाने डोळे चोळीत, मेणाच्या थाळीत टाचण्यांनी ताणून धरलेला एक समुद्रातला मासा चिरू लागला. तो मासा म्हणजे मुशी. मालवणकडे तिला मोरी म्हणतात, प्राणिशास्त्रज्ञ तिला स्कोलिओडॉन म्हणतात, आणि भारतातील पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांनी पृष्ठवंशी प्राण्याच्या शरीररचनेचा पहिला पाठ हिच्याच देहावर गिरविलेला आहे.

त्या पाठाची रीत ठरलेली असे. कल्ल्यांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्या सोडवून दाखवाव्यात, कवटीची कूर्चा हलक्या हाताने तासून मेंदूपासून निघणाऱ्या चेता उघड्या कराव्यात, परीक्षकाची मर्जी कडक असेल तर आंतरकर्ण काढून काचपट्टीवर ठेवावा. उदरपोकळीतील बाकीचे अवयव या कामाच्या आड येतात म्हणून ते बहुधा आरंभीच काढून बादलीत टाकले जात. त्या बादलीत पुष्कळ वेळा मादीचे गर्भाशयही जाई. मत्स्यवर्गात गर्भधारणेची जी अत्यंत परिणत अवस्था आजवर माहीत झाली आहे, ती त्या गर्भाशयात होती. आणि तिचा खरा तपास मुंबईच्या मासळीबाजारांतून अगोदरच होऊन गेला होता. प्रस्तुत हकीकत त्या तपासाची आहे.

आपल्याकडील जुन्या वर्गीकरणात प्राण्यांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार भेद सांगितले असून त्यांत मासा निःशंकपणे अंडजांत पडतो. पाश्चात्त्य परंपरेत मात्र या निःशंकतेला फार पूर्वीच तडा गेला होता. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिवर्णनात असे नमूद करून ठेवले आहे की, ज्याला ग्रीक कोळी गुळगुळीत मुशी म्हणतात त्या माशाची पिल्ले मातेच्या गर्भाशयाला नाळेने जोडलेली असतात आणि त्यांची वाढ चतुष्पादांच्या गर्भासारखी होते. हे विधान दोन हजार वर्षे ग्रंथांत राहिले आणि बहुतेक विद्वानांनी ते म्हाताऱ्या आचार्याची एक लहर समजून सोडून दिले. सतराव्या शतकात डेन्मार्कच्या स्टेनो नामक शरीरशास्त्रज्ञाने तशी नाळ प्रत्यक्ष पाहिली, तरीही गोष्ट सर्वमान्य झाली नाही. अखेर १८४० च्या सुमारास बर्लिनच्या योहानेस म्यूलरने भूमध्य समुद्रातील मुशीचे गर्भ तपासून, दोन अगदी जवळच्या जातींपैकी एकीत वार तयार होते व दुसरीत होत नाही, असे दाखवून दिले आणि अ‍ॅरिस्टॉटलची साक्ष खरी ठरविली. हाच म्यूलर आपल्या याकोब हेन्ले या सहकाऱ्यासह त्याच सुमारास मुशी व पाकट या वर्गांचा एक बृहद्‌ग्रंथ सिद्ध करीत होता, आणि त्या ग्रंथात हिंदुस्थानातून आलेल्या एका लहान, चपट्या नाकाच्या मुशीला त्याने १८३८ साली स्कोलिओडॉन लॅटिकॉडस असे नाव दिले. अ‍ॅरिस्टॉटलच्या मुशीचा वाद मिटविणाऱ्या माणसाच्याच हातून, त्या मुशीलाही या बाबतीत मागे टाकणाऱ्या माशाचे बारसे व्हावे, असा योगायोग इतिहासात नेहमी घडत नाही.

हिंदुस्थानात या विषयाकडे प्रथम गंभीरपणे लक्ष गेले ते कलकत्त्यास. सरकारी सागरी पाहणीच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर शल्यवैद्य व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नेमलेले आल्फ्रेड अल्कॉक आणि इंडियन म्युझियमचे प्रमुख जेम्स वुड-मेसन या दोघांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका फुलपाखरी पाकटाच्या गर्भाशयाचे वर्णन सादर केले. त्या गर्भाशयाच्या आतील भिंतीवर लांबट तंतूंचे दाट आवरण होते, त्या तंतूंतून दुधासारखा पोषक द्रव स्रवत होता, आणि, जे वाचून त्या काळचे सभ्य गृहस्थ खचितच दचकले असतील, त्या तंतूंचे जुडगे डोळ्यामागील श्वासरंध्रांतून गर्भाच्या घशात उतरलेले होते. मातेने गर्भास पोटातच पाजावे, अशी ही तजवीज होती. वार नाही, नाळ नाही, पण पोषण आहे. म्हणजे अंडज आणि जरायुज यांच्या दरम्यान निसर्गाने किती पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत त्याची ही एक स्पष्ट खूण या देशाच्या समुद्रातून मिळाली. अल्कॉक पुढे म्युझियमचा प्रमुख झाला, खोल समुद्रातील जिवांवर त्याने नावाजलेले लिखाण केले. पण किनाऱ्यालगतच्या, बाजारात रोज येणाऱ्या मुशीच्या गर्भाची पद्धतशीर चौकशी होण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट लखनौस घडली. लखनौ विद्यापीठाचे प्राध्यापक के. एन. बहल यांच्या असे ध्यानात आले की हिंदी विद्यार्थी इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून विलायती गांडूळ आणि विलायती मुशी शिकतात व परीक्षेच्या दिवशी थाळीत देशी प्राणी पाहून गोंधळतात. तेव्हा त्यांनी देशी प्राण्यांवर एकेक प्रबंध लिहवून घेण्याची एक मालाच काढली. १९२६ साली गांडुळावरचा पहिला प्रबंध त्यांनी स्वतः लिहिला. दुसरा, १९२८ चा, हिंदी समुद्रातील सामान्य मुशीवरचा, लिहिला इझाबेला थोबर्न कॉलेजातील प्राध्यापिका ई. एम. थिल्लयम्पलम यांनी. ज्या काळी मुलींच्या शाळा हाच वादाचा विषय होता त्या काळी, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या लखनौत, एका स्त्रीने समुद्रातल्या माशाचा अणुरेणू तपासून लिहिलेला हा प्रबंध पुढची चाळीस-पन्नास वर्षे देशभर प्रमाण मानला गेला, आणि मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांपर्यंत मुशी पोहोचली ती मुख्यत्वे याच परंपरेने. एका पुस्तकाने एका माशाला इतका मोठा मुलूख मिळवून दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता मुंबईकडे वळले पाहिजे. मुंबई इलाख्याचे मत्स्यधन किती, ते कोण पकडतो, त्याचा पैसा कोणाच्या हाती जातो, याची सरकारी मोजदाद एच. टी. सॉर्ली नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. परंतु तो ग्रंथ अर्थव्यवहाराचा आहे, माशाच्या पोटात काय चालते याची विचारपूस करणे त्या दप्तराच्या कक्षेत येत नव्हते. त्या विचारपुशीचे श्रेय मुख्यतः दोघांकडे जाते : पुढे इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झालेले डॉ. एस. बी. सेटना आणि त्यांचे सहकारी पी. एन. सारंगधर. तिला निमित्त झाले, असे आमचे मत आहे, ते दुसऱ्या महायुद्धाचे. युद्ध पेटल्यावर नॉर्वेकडून येणारे कॉड माशाच्या यकृताचे तेल बंद झाले. त्या तेलावाचून ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा कोठून करावा, हा प्रश्न रुग्णालयांना आणि लष्कराला एकदमच पडला. आणि मुंबई, मद्रास व त्रावणकोर येथे मुशीच्या यकृतापासून तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. कालपर्यंत जो मासा गरिबाच्या ताटातला समजला जाई तो सरकारच्या दृष्टीने एकाएकी मौल्यवान झाला. मग मोठ्या मुशी कोठे सापडतात, कोणत्या महिन्यात सापडतात, त्यांना पिल्ले किती व कधी होतात, हे विचारणे ओघानेच आले. सारंगधरांचा वाघमुशीच्या खाण्यापिण्यावर आणि प्रजननावर असलेला लेख मुंबई निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात १९४३ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, प्रसिद्ध झाला आहे, यावरून काळाचा रेटा कसा होता ते उमगते.

वाघमुशीचे पिल्लांचे प्रमाण दांडगे असते. एका मादीच्या उदरात अनेक डझन पिल्ले सापडतात, पण ती मोठ्या बलकावर वाढतात, मातेला नाळेने चिकटत नाहीत. युद्ध संपता संपता सेटना-सारंगधरांची नजर मात्र या राक्षसीवरून हटून, हातभर लांबीच्या आणि यकृताच्या तेलाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी अशा लहान मुशीवर, म्हणजे स्कोलिओडॉनवर, खिळली. उद्योगाने सुरू झालेली चौकशी उद्योगाला सोडून स्वतःच्या कुतूहलामागे जाऊ लागते तेव्हाच ती शास्त्र या नावाला पात्र होते, आणि हा क्षण या हकीकतीत येथे येतो. त्यांच्या कामाचे साहित्य मुंबईच्या बंदरांवर आणि मासळीबाजारांत रोज पहाटे उतरत होते; जहाज लागत नव्हते, खोल समुद्राची मोहीम लागत नव्हती. लागत होता तो चिवटपणा : निरनिराळ्या वयाचे गर्भ मिळेपर्यंत गाभण माद्या मिळवीत राहायचे, प्रत्येकीचे दोन्ही गर्भाशय उघडायचे, पिल्ले मोजायची, मापायची, नाळेसकट जतन करायची आणि सर्वांत लहान गर्भापासून जन्मास टेकलेल्या पिल्लापर्यंत अखंड माळ जुळवायची.

या कामाचा पहिला मोठा निबंध, लहान मुशीचे वर्णन, जीवनक्रम आणि गर्भविकास यांवरचा, इंडियन म्युझियमच्या ‘रेकॉर्ड्‌स’च्या १९४८ च्या खंडात आला, मुंबईच्या मुशी-पाकटांच्या प्रजननाचा एकत्र आढावा त्यापुढच्या खंडात आला. ज्या संस्थेच्या दप्तरी हे निबंध दाखल झाले तिची त्यापूर्वीच्या काही वर्षांतली दैना लक्षात घेतली तर ते छापले गेले हेच नवल वाटते. जपानी बॉम्बच्या भयाने, हे ‘रेकॉर्ड्‌स’ काढणारे प्राणि-सर्वेक्षण खाते १९४२ मध्ये कलकत्त्याहून काशीस हलविण्यात आले होते, आणि १९४३ च्या पावसाळ्यात वरुणा नदीच्या पुराचे पाणी तेथील संग्रहात शिरून कित्येक नमुने व ग्रंथ नासले होते.

मुशीच्या उदरात त्यांना जे आढळले आणि पुढील संशोधकांनी जे अधिक नेमके केले, ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे. बहुतेक हाडमाशांत मादी पाण्यात हजारो, काही जातींत लाखो अंडी सोडते, नर त्यांवर रेत सोडतो, आणि पुढचे सारे दैवावर. मुशीच्या वर्गात फलन शरीरातच होते. नराच्या श्रोणिपक्षांना लागून दोन दंडाकृती अवयव असतात, त्यांच्या द्वारे रेत मादीच्या देहात पोहोचते. येथवर सर्व मुशी सारख्या. त्यानंतर वाटा फुटतात. मुंबईच्याच समुद्रात तळाशी वावरणारी बांबू-मुशी चिवट कवचातली अंडी घालते आणि निघून जाते. वाघमुशी अंडी पोटात ठेवून उबविते पण गर्भाला अन्न मिळते ते आरंभी तरी अंड्यातल्या शिदोरीचे. आणि मोठ्या वारयुक्त मुशींत गर्भ आरंभी आपल्या बलकावर काही काळ काढतो, तो बलक सरत आला म्हणजे रिकाम्या होत चाललेल्या बलकपिशवीचीच भिंत गर्भाशयाच्या भिंतीशी गुंतून वार बनते. या सर्व जातींत अंडे चांगले मोठे असते, कारण प्रवासाच्या प्रारंभीची तरी बेगमी त्यात भरावी लागते.

लहान मुशीने ही बेगमीच मोडीत काढली आहे. तिचे पक्व अंडे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे, खसखशीच्या दाण्याएवढे असते; ज्ञात मुशींमध्ये इतके लहान अंडे दुसरीचे नाही. त्यात बलक नाममात्र. साहजिकच गर्भाला मातेवाचून क्षणभरही चालण्यासारखे नसते, आणि म्हणून इतर मुशींत गर्भ बराच वाढल्यावर जे घडते ते येथे गर्भ अवघ्या काही मिलिमीटरांचा असतानाच घडून येते. गर्भाशयाच्या भिंतीतून रक्तवाहिन्यांनी भरलेला एक देठासारखा भाग निघतो, त्याच्या टोकाशी पेल्याच्या आकाराची ऊतक-रचना तयार होते, आणि त्या पेल्यात गर्भाच्या बाजूची वार जाऊन बसते. तेथून गर्भाच्या पोटापर्यंत नाळ. या नाळेचेही वैशिष्ट्य असे की ती नुसती दोरी नाही. तिच्यावर सर्व बाजूंनी धाग्यांसारखे तंतू फुटलेले असतात, आणि गर्भाशयात पाझरणारा पोषक द्रव ते तंतू शोषून घेतात. अल्कॉकच्या पाकटात नुसते पाजणे होते, अ‍ॅरिस्टॉटलच्या मुशीत नुसती वार होती. मुंबईच्या या लहान मुशीत दोन्ही तजविजी एकाच वेळी चालू आढळल्या. पाच-सहा महिन्यांच्या गर्भवासानंतर जेव्हा पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याची लांबी बारा ते पंधरा सेंटिमीटर भरते. आता माता स्वतः वयात येते तीच तेहतीस-पस्तीस सेंटिमीटरांची असताना. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी पिल्ले ती पोटात वाढविते, आणि तीही एकदोन नव्हे. एका वेळी सहा ते अठरा पिल्ले ही नेहमीची गोष्ट, वीसपर्यंतही संख्या जाते. खसखशीच्या दाण्यापासून जन्मलेल्या पिल्लापर्यंतची ही सारी वाढ मातेच्या रक्तातून आणि गर्भदुग्धातून उचललेली असते, अंड्यातून नव्हे. सस्तन प्राण्यांनी जो मार्ग चोखाळला त्याच्याशी या माशाचा काही एक संबंध नसता, स्वतंत्रपणे, तो त्याच ठिकाणी येऊन पोहोचावा, यातली खोल गोष्ट पुढे जीवशास्त्रज्ञांच्या विचाराचा मोठा विषय झाली.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. मुशीला पिल्ले होतात, अंडी नव्हेत, हे कोळणीला कोणी शिकवावे लागले नव्हते. कोयत्याखाली गाभण मुशी आली की पिल्ले पाटीवर घरंगळतात, हा तिच्या रोजच्या धंद्यातला अनुभव. शिवाय मुंबई-कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे, मोरीचे कालवण आग्रहाने वाढण्याची चाल फार जुनी. या समजुतीला वैद्यकाचा पक्का आधार आहे असे आम्ही म्हणणार नाही; परंतु साऱ्या समुद्रातून नेमका हाच मासा बाळंतिणीच्या ताटात यावा, जो स्वतः आपल्या पोटच्या पिल्लांना पोटातच पाजतो, हे त्या बायकांच्या निरीक्षणाशी अगदीच संबंध नसलेले असेल असेही आम्हाला वाटत नाही. सेटना आणि सारंगधर यांनी जे केले ते कोयत्याखाली रोज उघडे पडणारे ज्ञान टिपून, त्याला क्रम देऊन, मोजमापाने पक्के करण्याचे. ते काम तितके सोपे असते तर अल्कॉकनंतर पन्नास वर्षे ते पडून राहिले नसते, आणि देशभरच्या प्रयोगशाळांतल्या बादल्या भरल्या नसत्या.

तेलाच्या कारखान्यांची कथा मात्र लवकर आटोपली. १९४७ साली स्वित्झर्लंडात ‘अ’ जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने तयार करण्याची औद्योगिक रीत साधली, आणि थोड्याच वर्षांत मुशीच्या यकृताला बाजारात पूर्वीचे मोल राहिले नाही. सेटनांच्या खात्याने १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि मुंबईच्या सामान्य माणसाने काचेआडून जिवंत मासा पाहिला.

दरम्यान मुशीच्या नावाचा एक गुंता शास्त्रज्ञांच्या दारी तुंबून राहिला होता. थिल्लयम्पलमबाईंच्या प्रबंधात व मुंबईच्या निबंधात मुशी ज्या ‘सोराकोवा’ नावाने आली, त्याचे मूळ विशाखापट्टणच्या माशांवर पॅट्रिक रसेलने १८०३ मध्ये काढलेल्या चित्रग्रंथात होते. क्यूव्हिएने त्यावरून लॅटिन नाव बसविले, आणि पुढे दिसण्यात मिळत्याजुळत्या अनेक लहान मुशी स्कोलिओडॉन या एकाच प्रजातीत ढकलल्या गेल्या. १९६४ साली व्हिक्टर स्प्रिंगर या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने दात, नाक आणि पर यांची बारीक तुलना करून हा गठ्ठा सोडविला : खरी स्कोलिओडॉन म्हणून म्यूलर-हेन्ले यांची लॅटिकॉडस हीच एक जात उरली आणि बाकीच्या बऱ्याचशा ऱ्हायझोप्रायोनोडॉन नावाच्या दुसऱ्या प्रजातीत गेल्या. याचा व्यावहारिक अर्थ असा की, महाविद्यालयांतून स्कोलिओडॉन म्हणून चिरलेल्या माशांपैकी कित्येक स्कोलिओडॉन नव्हतेच. रोहिण्या आणि चेता यांच्या अभ्यासाला त्याने फारसा फरक पडत नाही. गर्भाशयाच्या अभ्यासाला मात्र पडतो, कारण त्या दुसऱ्या प्रजातीतही वार असली तरी अंड्याचा हा अतिसूक्ष्मपणा आणि पेल्याची ही रचना तेथे नाही. जुन्या निबंधांतले मुशीचे वर्णन वाचताना म्हणूनच आधी कोणती मुशी ते ठरवून घ्यावे लागते.

त्यानंतरचा तपास परदेशात पुढे गेला. अमेरिकेचे जॉन वूर्म्स यांनी मुशीवर्गातील सजीव जन्म देण्याच्या साऱ्या पद्धतींचा एक पट मांडला, आणि १९९३ मध्ये खास याच लहान मुशीवर दीर्घ निबंध लिहून असे प्रतिपादन केले की वारयुक्त गर्भधारणेकडे झुकणाऱ्या उत्क्रांतीच्या सर्व प्रवृत्ती, म्हणजे अंड्याचा ऱ्हास, वारेची अगदी लवकर स्थापना आणि मातेकडून मिळणाऱ्या पोषणाची पराकाष्ठा, या माशात शेवटच्या टोकाला गेलेल्या दिसतात. बर्लिनला नाव मिळालेल्या आणि मुंबईला गर्भ मोजला गेलेल्या या माशाला जागतिक ग्रंथांत स्थान मिळाले ते या अर्थाने.

मायदेशी संशोधकांपुढे तोवर निराळाच प्रश्न उभा राहिला होता. १९६० नंतर यंत्रनौका आणि ट्रॉल जाळी वाढत गेली. तळ खरवडून नेणाऱ्या या जाळ्यांत, तळाशी कोळंबी व लहान मासे शोधीत फिरणारी मुशी मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिच्या वयाचा व वाढीचा हिशेब मुंबईच्या पाण्यात, तर पक्वतेचा व प्रजननाचा हिशेब कालिकतच्या किनाऱ्यावर मांडावा लागला. या हिशेबात मुशीचे ते अद्‌भुत गर्भाशयच तिच्या अडचणीचे कारण ठरते. बोंबलाची मादी हजारोंनी अंडी सोडते, तेव्हा समुद्राने त्यांतील बहुतेक गिळली तरी बोंबलाचा वंश एखाद्या चांगल्या वर्षात पुन्हा भरून निघतो. मुशीच्या एका विणीत अर्धा ते दीड डझन पिल्ले, त्यांसाठी पाच-सहा महिने, आणि जाळ्यात सापडली की आईबरोबर साऱ्या पोटाचा नाश. तिच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की ती लवकर, एक-दोन वर्षांत वयात येते. ज्या मोठ्या मुशींना वयात येण्यास दहा-बारा वर्षे लागतात त्यांची अवस्था हिच्यापेक्षा पुष्कळच बिकट आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्याची चाल कोळ्यांची स्वतःची. खवळलेला समुद्र आणि नारळी पौर्णिमेपर्यंतची विश्रांती यांतून ती आली, आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर ती सरकारी हुकुमात उतरली. हल्ली पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, आणि तिच्या समर्थनार्थ मुख्य कारण सांगितले जाते ते माशांच्या विणीचे. ज्या जाती पावसाळ्याच्या तोंडाशी एकदम अंडी सोडतात त्यांना हे लागू पडते. मुशी मात्र वर्षभर विते, तिचा गर्भवास बंदीच्या मुदतीच्या अडीच-तीनपट लांब, आणि मे महिन्यात गाभण राहिलेली मादी बंदी उठते त्या दिवशी निम्म्या वाढीची पिल्ले पोटात घेऊन पुन्हा ट्रॉलरच्या जाळ्यासमोर येते.